डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला

चंद्रभान धकात्यांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे ठरवायला त्या रविवारी सगळं घर समोरच्या खोलीत जमलं, तेव्हा खुद्द चंद्रभान मागच्या अंगणात उन्हाला बसून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते. करुणानेच त्यांच्यापुढे जुड्या टाकल्या होत्या. सांबारवडी करायची म्हणजे टोपलंभर सांबार लागतो, आणि एकटीने सगळं उरकत नव्हतं. सासरे एकेक काडी उचलत, पिवळं पान खुडत, हिरवं टोपल्यात टाकत. त्यात एकही चूक नव्हती. आतून तिच्या नवऱ्याचा, हेमराजचा, आवाज येत होता की बाबांना आता कशातलं काही समजत नाही.

करुणा या घरातली थोरली सून. आसगावच्या धानाच्या घरातून ती पवनीला कोसा रेशीम विणणाऱ्या घरात आली त्याला एक पिढी उलटली होती, आणि धकात्यांच्या बैठका तिने इतक्या पाहिल्या होत्या की आतलं बोलणं ऐकायला तिला आत जावं लागत नसे. कोण कोणाच्या बाजूने आहे ते खुर्च्यांवरून कळायचं. आज धाकटा दीर अंकुश दाराजवळ बसला होता, म्हणजे तो भांडायला आला होता. सासूबाई, सुमित्राबाई, भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, म्हणजे त्यांनी अजून काही ठरवलं नव्हतं. आणि नणंद दामिनी मोठ्या खुर्चीत होती, कारण ती अमेरिकेहून आली होती आणि दोन आठवडे तरी तिला कोणी उठवणार नव्हतं.

बैठकीला निमित्त करुणाच्या माहेरचंच झालं होतं. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी चंद्रभान कटिंगला जातो म्हणून निघाले ते दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी करुणाचा भाऊ मनिष त्यांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. ते आसगावात मनिषच्या पडवीत जाऊन बसले होते, चहा मागून प्यायले होते, आणि रुखमा कुठं गेली म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होते. रुखमा त्यांची बहीण, आसगावातच दिलेली. तिला वारून दहा-बारा वर्षं झाली होती. मनिषने हे सगळं अगदी हळू आवाजात, अंगणातच सांगितलं. पण सोयऱ्याच्या दारी जाऊन बापाने आपली अवस्था दाखवली, ही गोष्ट हेमराजला जिव्हारी लागली. निदान तो तसं म्हणाला.

करुणाला माहीत होतं की त्याच्या जिव्हारी आणखीही काही होतं. आजेसासरे, ज्यांना घरात सगळे दादाजी म्हणत, त्यांनी बांधलेली मागांची शेड आता रस्त्याला लागली होती. रस्ता रुंद झाला आणि शेडचं नशीब उघडलं. लग्नाचं लॉन काढणारा एक माणूस त्या जागेसाठी हेमराजच्या कोशाच्या दुकानात येऊन बसू लागला. शेडमध्ये कधीकाळी इतके माग चालायचे की गल्लीला गजराच्या घड्याळाची गरज नव्हती; आता दोन चालत, तेही मर्जी असली तर. हेमराजला शेड विकून बाजारात मोठं शोरूम टाकायचं होतं. अंकुश गावच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याला ती शेड पाहुण्यांना दाखवायची वस्तू म्हणून जपायची होती. त्याने आयुष्यात कधी मागावर बसून धोटा फेकला नव्हता, पण हे त्याला कोणी बोलून दाखवत नसे, कारण हेमराजनेही शाळा सुटल्यावर फेकला नव्हता. शेड चंद्रभानच्या नावावर होती.

म्हणून त्या रविवारी हेमराज सांगत होता की बाबांच्या डोक्याचा आता भरवसा नाही, कारभार रीतसर आपल्या हाती यायला पाहिजे. त्याने उदाहरणं आणली होती. एकाच गिऱ्हाइकाला बाबांनी दोनदा चहा पाजला. आंबागडच्या पाहुण्याला चिखल्याचा समजून खाणीची चौकशी केली. अंकुश एकेक उदाहरण मोडून काढत होता. दुसरा चहा म्हणजे पाहुणचार, आणि आंबागडचा माणूस चिखल्याच्या खाणीत कामाला नसतोच असं कुठं लिहिलं आहे? बाबा ठणठणीत आहेत, तुझ्यापेक्षा माझ्यापेक्षा ठणठणीत, असं तो म्हणाला.

करुणा चहा घेऊन आत गेली तेव्हा हेमराजच्या फोनवर वकील होता. तेजराम वकील म्हणजे हेमराजचा शाळेतला मित्र. त्याने काय सांगितलं ते हेमराजच्या चेहऱ्यावरूनच वाचता आलं. फोन ठेवून तो इच्छा नसताना सांगू लागला. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाची सही टिकत नाही. कोर्टातून पालक नेमून घ्यायचा तर वर्षं जातील, आणि भाऊ हरकत घेणार असेल तर आणखी. विक्री व्हायची तर बाबा पूर्ण शुद्धीवर पाहिजेत, आणि त्यांचं वय पाहता तसा डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा.

करुणाने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तिला त्याची थोडी दया आली. इतका वेळ मेहनतीने लावलेली मांडणी त्याला स्वतःच्याच हाताने उचलायची होती.

त्याने ती उचलली. तो म्हणाला की तसं पाहिलं तर बाबांना आहे काय, वयोमानाप्रमाणे एखादं नाव मागं-पुढं होतं, तेवढंच. कालच त्यांनी दुकानातला भेसळीचा कोसा नुसत्या बोटाने ओळखला. असा माणूस शुद्धीवर नाही म्हणायचं तर मग कोण शुद्धीवर आहे?

यावर अंकुशने चहाचा कप खाली ठेवला आणि तोही पलटला. बाबा सोयऱ्याच्या घरी जाऊन मेलेल्या बहिणीला हाक मारतात, हे आपण हसण्यावारी नेऊन राहिलो, असं तो गंभीरपणे म्हणाला. अशा माणसाकडून सही घेणं हे पाप आहे.

सुमित्राबाई भिंतीशी बसून या लेकाकडून त्या लेकाकडे पाहत होत्या. मग त्या म्हणाल्या, "सकाळी हा म्हणे बाप येडा, तो म्हणे शायना. आता तो म्हणे येडा, हा म्हणे शायना. मी कोणाचं आयकू?"

दामिनी हसली नाही. ती अमेरिकेत एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. पण रोग्यांची सेवा करणारी नव्हे, अभ्यासासाठी माणसं तपासणारी. मेक्सिकोकडून, तिकडच्या बेटांवरून येऊन अमेरिकेत राहिलेली, स्पॅनिश बोलणारी माणसं तिच्याकडे यायची. त्यांचं ब्लडप्रेशर, साखर, वजन, झोप, चालणं हे सगळं ती नोंदवायची, आणि मग त्यांची स्मरणशक्ती तपासायची. वर्षानुवर्षं तीच माणसं पुन्हा यायची. ज्यांचं हृदय धड, त्यांचं डोकंही जास्त काळ धड राहतं, असं त्यांच्या दवाखान्याला दिसत होतं. हे सांगण्यापुरती स्पॅनिश ती शिकली होती. परक्या देशातल्या परक्या म्हाताऱ्यांच्या नाडीचा ठोका तिला तोंडपाठ होता. आपल्या बापाचं प्रेशर शेवटचं कधी मोजलं हे तिला माहीत नव्हतं. तिने ते विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं.

हेमराज म्हणाला की विषय डोक्याचा चालू आहे, हृदयाचा नाही. आणि ते मेक्सिकोचे लोक, त्यांचं खाणं वेगळं, रक्त वेगळं.

"तेही हेच म्हणतात भाऊ," दामिनी म्हणाली. "म्हणतात, हे गोऱ्या लोकायचं दुखणं, आमचं तसं नाही. मंग दंडाले पट्टा बांधला का आकडा सारखाच निघते."

तिने बाबांना आत बोलावलं. चंद्रभान सांबाराचे हात धोतराला पुसत आले आणि सगळ्यांकडे पाहून खुर्चीत बसले. मुलगी परीक्षा घेणार म्हटल्यावर त्यांनी टोपी नीट केली. तिने पाच शब्द सांगितले: बैल, आरसा, सुई, पाऊस, निळा. मग दुसऱ्या गोष्टी विचारल्या, महिना कोणता, तालुका कोणता, शंभरातून सात वजा करत जा. थोड्या वेळाने मघाचे शब्द पुन्हा विचारले.

चंद्रभान म्हणाले, बैल. मग सुई. मग ते थांबले. हेमराज त्यांच्या समोरच होता, तो भिंतीवरच्या आरशाकडे इतकं टक लावून पाहू लागला की अंकुशने त्याला कॉपी पुरवू नको म्हणून दटावलं. कॉलेजात परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक म्हणून उभं राहायची त्याला सवय होती. पण करुणाचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज न करता त्या 'पाऊस' म्हणत होत्या, आणि चंद्रभानची नजर बरोबर तिथंच होती, त्यांच्या ओठांवर. ते "पाऊस" म्हणाले. हे इतकं सहज झालं की ते आज पहिल्यांदा होत नव्हतं, हे करुणाला कळलं. पाहुण्यांची नावं, गिऱ्हाइकांची गावं, नातवंडांचे वर्ग. किती दिवसांपासून सासूबाई हे पुरवत होत्या? घरात कोणाला काही जाणवलं नव्हतं, कारण म्हातारा-म्हातारी एकमेकांकडे पाहून बोलतात, याचं सगळ्यांना कौतुकच होतं.

दामिनीनेही ते पाहिलं होतं. तिने बापाचं मनगट हातात घेतलं, बोटं टेकवली, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग बॅगेतून प्रेशरचं यंत्र काढून दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या घरात होता.

ती म्हणाली की ठोका सरळ नाही, अडखळत पळतो आहे. हृदय असं चाललं की रक्त नीट वर चढत नाही, बारीक गुठळ्या होतात, डोक्याला जातात. त्या दिवशी आसगावला काय झालं असेल ते असं असू शकतं. पण ती डॉक्टर नाही, डॉक्टरला दाखवायला पाहिजे. गोळ्या चालू नव्हत्या का?

सुमित्राबाईंनी सांगितलं की होत्या. दोन वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं तेव्हा दिल्या होत्या. मग पुढच्या वेळी प्रेशर बरोबर निघालं, म्हणून त्यांनी बंद केल्या. बरं झालेल्या माणसाने गोळी कशाला खायची, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"दादाजीचंही असंच झालं होतं," त्या पुढं म्हणाल्या. "लोक म्हणत, पयले डोकं गेलं, मंग काळीज गेलं."

"पयले काळीजच गेलं असन, आई," दामिनी म्हणाली. "डोक्यावर दिसलं, एवढंच."

करुणा उठली. तिने हेमराजचा हात धरून दामिनीपुढे ठेवला. लग्नानंतर चारचौघांत तिने त्याचा हात धरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो ओढून घेऊ लागला. आपल्याला काय झालंय, असं म्हणाला. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्ताने का थांबतो हे फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडीही. तिने हात सोडला नाही. दामिनीने पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा बांधला. बापापेक्षा फार मागे नव्हता. मग तिने तेच पाच शब्द भावालाही विचारले. त्याला आरसा आठवला, कारण तो त्याने स्वतःच दाखवला होता. आणखी एक आठवला. बाकीचे नाही.

अंकुश हसणार होता. पण बहिणीने त्याच्याकडे पाहिलं तसा त्याने शर्टाच्या बाह्या खाली ओढून बटणं लावली.

तेवढ्यात चंद्रभान बोलले. इतका वेळ ते आपल्या दंडावरचा पट्ट्याचा वळ चोळत होते.

"शेड इकायची का ठेवायची, हे तुम्ही मले इचारलंच नाही," ते म्हणाले.

दोन्ही मुलं पुढं सरकली. हेमराज म्हणाला की मग आता सांगा. चंद्रभानने नकारार्थी मान हलवली. आता सांगितलं तर एकजण म्हणेल शुद्धीत बोलला, दुसरा म्हणेल येडात बोलला. आधी डॉक्टरकडून डोकं तपासून घ्या, दाखला घ्या, मग विचारा. एवढं बोलून ते उरलेला सांबार निवडायला मागे निघून गेले.

भंडाऱ्याच्या डॉक्टरने हृदयाची पट्टी काढली, डोक्याचे फोटो काढले आणि दामिनीचंच म्हणणं जास्त कठीण शब्दांत सांगितलं. मेंदूत बारीक जुने डाग होते. गेलं ते सगळं परत येईल असं नाही, पण राहिलं ते राखता येईल. रक्त पातळ करायची गोळी, प्रेशरची गोळी, मीठ कमी, झोप वेळेवर, आणि रोज चालणं. ठोका ताब्यात आला, दोन-तीन महिने नीट गेले, की डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवतो. दाखल्याचं तो पाहील. हेमराजलाही त्याने हेच सगळं सांगितलं, फक्त रक्त पातळ करायची गोळी आणि दाखला सोडून.

दामिनी अमेरिकेला परतली, आणि धकात्यांच्या घरात अशी पितृभक्ती सुरू झाली की गल्लीतल्या बायका आपापल्या मुलांना उदाहरण देऊ लागल्या. उजाडलं की हेमराज स्वेटर घालून बापाला वैनगंगेच्या घाटावर फिरायला न्यायचा, कारण बाप सही करण्याइतका बरा व्हायला हवा होता. चार दिवसांनी अंकुश नव्या वस्तीतल्या आपल्या घरून चालत येऊन त्यांच्यात सामील झाला, कारण बाप नाही म्हणण्याइतका बरा व्हायला हवा होता. शिवाय भाऊ एकटाच वाटेत बापाच्या कानात काय भरतो, याचीही त्याला काळजी होती. मग दोघं दोन बाजूंना आणि म्हातारा मध्ये, असे तिघं रोज घाटापर्यंत जायचे. जाताना हेमराज शोरूमबद्दल बोलायचा. येताना अंकुश दादाजींच्या वारशाबद्दल. चंद्रभान दोघांनाही हो हो म्हणायचे.

करुणाने मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. तर्री बंद झाली, पापड-लोणचं कुलपात गेलं. गोळ्या ती स्वतः हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत उभी राहायची, सासऱ्यांच्या आणि मग नवऱ्याच्या. हेमराजचा खर्रा सुटला नाही, पण लपवायला जागा उरली नाही म्हणून कमी झाला. पोट आत गेलं. एक दिवस तो जिना न थांबता चढून आला आणि वर येऊन काही झालंच नाही असं दाखवू लागला. करुणानेही पाहिलं नाही असं दाखवलं. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दोघं भाऊ भांडत मात्र होतेच. पण रोज चालता चालता भांडायचं म्हणजे दमाचा प्रश्न येतो. हळूहळू शोरूम आणि वारसा कमी झाला आणि लहानपणी नदीत कोणी कोणाला बुडवलं होतं ते निघू लागलं. त्यातलं खरं-खोटं चंद्रभान करायचे. जुनं त्यांना सगळं आठवत होतं. नवंही बऱ्यापैकी धरू लागलं होतं. सुमित्राबाईंचे ओठ आता कमी हलत होते.

माघ सरत आला होता. एका दुपारी करुणा गोळी घेऊन शेडमध्ये गेली. चंद्रभान बंद मागाशी बसून होते. एक माग अर्ध्या ताण्यावर तसाच सोडलेला होता, त्याच्या सुतावर धूळ बसली होती. तिने गोळी दिली, पाणी दिलं. त्यांनी गिळली आणि तिला बसायला सांगितलं.

ते म्हणाले की आसगावला गेले त्या दिवशी त्यांना मधेच कळलं होतं की रुखमा नाही. चहा पिता पिता कळलं. पण मनिषसमोर ते कबूल करायची लाज वाटली, आणि घरी यायचा रस्ता कोणता, हेही आठवत नव्हतं. म्हणून रुखमाचं नाव घेत बसून राहिले. कोणी तरी घरी सोडून देईल एवढाच विचार होता.

आपल्या माहेरच्या पडवीत हा माणूस एकटा बसून वाट पाहत होता, हे करुणाच्या डोळ्यांपुढे आलं. पाण्याचा पेला बाजूला ठेवून तिने विचारलं, "बाबा, शेडचं तुमच्या मनात काय हाये?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"इकून टाकाव वाटते," ते म्हणाले. "माग गेले, इणणारे गेले. भिंती राखून काय करू?"

"मंग सांगून काहून नाही टाकत?"

"सांगतलं का एकजण दुकानात जाईन, दुसरा रुसून घरात बसन," चंद्रभान म्हणाले. "सकाळी फिराले कोण येईन माह्यासंग?"

करुणा पदराने मागावरची धूळ पुसत राहिली. हे तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

ठरल्या दिवशी हेमराजने गाडी काढली. अंकुश पुढं बसला. मागे चंद्रभान आणि करुणा. हृदयाच्या डॉक्टरने ठोका पाहून समाधानाने मान हलवली. डोक्याच्या डॉक्टरने शब्द विचारले, घड्याळ काढायला लावलं, हिशेब विचारले. एक शब्द सोडून सगळं बरोबर निघालं. त्याने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की हा मनुष्य पूर्ण शुद्धीवर असून आपले निर्णय घ्यायला समर्थ आहे. दाखला हातात घेताना दोघं भाऊ बाजूबाजूला उभे होते. दोघांनाही आनंद झाला होता, आणि तो खरा होता. करुणाला त्यात काही खोट दिसली नाही.

परतताना भंडारा मागे पडला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उन्हाळी धान हिरवं झालं होतं. मग हेमराजने आरशातून मागे पाहिलं.

"बाबा, दाखला भेटला. आता सांगा, शेडचं काय करायचं?"

अंकुशही मागे वळला. करुणाने हात मांडीवर घट्ट धरले.

चंद्रभान खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांनी मान वळवून मोठ्या मुलाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

"कोणती शेड?" त्यांनी विचारलं.

हेमराजने गाडी एकदम हळू केली. भावाभावांची नजरानजर झाली. दाखला त्या दोघांच्या मधे, गिअरपाशी पडला होता. अंकुश हलक्या आवाजात म्हणाला की डॉक्टरला काय कळतं, अजून वेळ लागेल. उद्यापासून घाटापर्यंत नाही, पार पुलापर्यंत नेऊ. हेमराज म्हणाला की संध्याकाळीही नेऊ, दुकान पोरं पाहतील. अंकुशने लगेच मान हलवली. तोही दोन्ही वेळ येणार होता.

करुणाने सासऱ्यांकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिला जवळपास खात्री होती. पण पूर्ण नव्हती, आणि ती तशी कधी होणार नाही हेही तिला त्याच वेळी कळलं. तिने खिडकीची काच खाली केली. बाहेरून ओल्या धानाचा वास आत आला.

"मंग उद्या कितीले निघाचं?" चंद्रभानने विचारलं.